खेळाच्या मैदानावरील स्वयंशिस्त

शिस्त हा शब्द आपल्या शाळांतून दररोज उच्चारला जातो. प्रार्थनेची रांग सरळ असली, गुरुजी वर्गात येताच गलका थांबला, की ‘शिस्त उत्तम’ असा शेरा दिला जातो. शाळा-तपासणीच्या वेळी मीही तो कित्येकदा दिलेला आहे. परंतु गुरुजींची पाठ वळताच तोच गलका पुन्हा सुरू होत असेल, तर त्या शिस्तीचे मोल किती, याचा विचार आपण केला पाहिजे. दुसऱ्याच्या धाकाने टिकते ती केवळ बाह्य शिस्त होय. कोणी पाहत नसतानाही जी टिकते तीच स्वयंशिस्त. ही दुसरी शिस्त उपदेशाने क्वचितच अंगी बाणते. तिचे पाठ देण्यास खेळाच्या मैदानासारखी दुसरी जागा नाही.

आपल्या नित्याच्या खो-खोचेच उदाहरण घ्या. पाठलाग करणाऱ्या संघाचे आठ गडी एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंडे करून बसतात आणि नववा गडी पाठलाग करतो. पळणारा गडी अगदी हाताशी आला तरी बसलेल्या गड्याने ‘खो’ मिळेपर्यंत उठावयाचे नाही, आणि उठल्यावर एकदा घेतलेली दिशा बदलावयाची नाही. दहा वर्षांच्या मुलास हे किती कठीण जाते ते आपण सर्वांनी पाहिले आहे. त्याचे सर्व शरीर धावण्यास उत्सुक झालेले असते, तरी तो स्वतःस आवरून धरतो. हे आवरून धरणे म्हणजेच स्वयंशिस्तीचा पहिला धडा. मोठेपणी क्रोधाच्या वा मोहाच्या क्षणी मनुष्यास हेच करावे लागते.

दुसरा धडा सातत्याचा. सातारा जिल्ह्यातील कराडजवळच्या गोळेश्वर गावचे खाशाबा जाधव १९४८ साली लंडन ऑलिंपिकमध्ये कुस्ती खेळले व सहावे आले. तांबड्या मातीत वाढलेल्या या मल्लास मॅटवरील कुस्ती नवखी होती. चार वर्षांनी, १९५२ साली, हेलसिंकी येथे त्यांनी बॅण्टमवेट गटात कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारतास वैयक्तिक क्रीडाप्रकारात मिळालेले ते पहिले ऑलिंपिक पदक होय. दुसरे वैयक्तिक पदक मिळण्यास १९९६ साल उजाडावे लागले. सहाव्या क्रमांकापासून तिसऱ्या क्रमांकापर्यंतचे ते अंतर चार वर्षांच्या नित्य मेहनतीने तुटले. त्या मेहनतीच्या वेळी टाळ्या वाजविण्यास कोणी उभे नव्हते.

अलीकडील उदाहरण कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीचे नेमबाज स्वप्नील कुसाळे यांचे आहे. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये त्यांनी ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक जिंकले. या प्रकारात गुडघ्यावर बसून, पालथे पडून आणि उभे राहून अशा तीन स्थितींत नेम धरावा लागतो. पात्रता फेरीत प्रत्येक स्थितीत २० याप्रमाणे ६० गोळ्या झाडावयाच्या असतात, आणि लक्ष्याचा मध्यबिंदू अवघा एक सेंटिमीटर व्यासाचा असतो. तेथे प्रतिस्पर्ध्याशी झुंज नसते. स्वतःचा श्वास, स्वतःचे बोट आणि स्वतःचे मन एवढ्यांवरच ताबा ठेवावयाचा असतो. या खेळाडूचे वडील शिक्षक आहेत, ही गोष्ट आपणां सर्वांस अभिमान वाटावा अशीच आहे.

तथापि केवळ स्वयंशिस्तीने सर्व काही साधते असे म्हणणे योग्य होणार नाही. सकस आहार, पुरेशी विश्रांती, साधने आणि मदतीचा हात यांचीही गरज असते. खाशाबांना हेलसिंकीस पाठविण्यासाठी गावकऱ्यांनी वर्गणी जमविली आणि त्यांच्या महाविद्यालयाच्या प्राचार्यांनी आपले घर गहाण ठेवले. मेहनत विद्यार्थ्याची असली, तरी तिला आधार देणे हे शिक्षकाचे व समाजाचे कर्तव्य ठरते.

येथे माझ्या हातून घडलेली एक चूक सांगणे मला आवश्यक वाटते. सुमारे तीस वर्षांपूर्वी मी एका खेड्यातील शाळेत शिक्षक असताना आमचा कबड्डीचा संघ केंद्रपातळीवरील स्पर्धेत अंतिम सामना खेळत होता. गुण समसमान होते. शेवटच्या चढाईत चढाई करणाऱ्याची बोटे आमच्या एका मुलाच्या पावलास ओझरती लागली. पंचांच्या ते ध्यानात आले नाही. मुलाने मात्र हात वर केला आणि तो आपण होऊन बाहेर गेला. आम्ही एका गुणाने हरलो. परतीच्या वाटेवर मी सर्वांसमक्ष त्याला म्हणालो, “तुला कोणी विचारले होते?” तो काही बोलला नाही. पुढील वर्षी तो संघात आला नाही. वर्गात सत्याचे धडे देणाऱ्या मी, त्या धड्याचे फळ हाती आले त्याच दिवशी, ते एका ढालीसाठी पायदळी तुडविले. ती ढाल दुसऱ्या शाळेस मिळाली याचे दुःख केव्हाच विसरले. त्या मुलाची खाली गेलेली मान मात्र अद्याप विसरता आलेली नाही.

या अनुभवावरून शिक्षक बंधुभगिनींस काही सूचना कराव्याशा वाटतात. खेळाचा तास वेळापत्रकातील मिनिटास सुरू करावा आणि शिक्षकाने मैदानावर सर्वांच्या आधी हजर असावे. मुले आपले बोलणे विसरतात, वागणे विसरत नाहीत. पंचाची शिटी मुलामुलींकडे पाळीपाळीने द्यावी; न्याय देण्याची जबाबदारी आली की नियमांचा अर्थ कळतो. जो आपण होऊन बाद झाल्याचे सांगेल त्याचे दुसऱ्या दिवशी परिपाठात कौतुक करावे, मग सामना हरलेला का असेना. प्रत्येकाने सरावाची एक वही ठेवावी. दोरीवरच्या उड्या किती, धावण्याच्या फेऱ्या किती, हे मुलाने स्वतः लिहावे. त्या वहीस गुण देऊ नयेत आणि कोरा राहिलेल्या दिवसाबद्दल रागावूही नये. नाहीतर वहीत खोटे आकडे येऊ लागतील. शेवटची गोष्ट, मैदानास फेऱ्या मारण्याची शिक्षा कधीही देऊ नये. शिक्षण हक्क कायदा, २००९ याच्या कलम १७ अन्वये शारीरिक शिक्षा व मानसिक त्रास यांस मनाई आहे, हे तर खरेच. शिवाय जे धावणे शिक्षा म्हणून पदरी पडले, ते मूल आनंदाने कसे धावेल?

आपल्या शाळांतील फारच थोडी मुले पदके मिळवतील. बाकीची शेती करतील, दुकान चालवतील, नोकरी धरतील, संसार करतील. तेथे शिटी वाजविणारा पंच नसतो. माप करताना, हिशेब लिहिताना, दिलेला शब्द पाळताना प्रत्येकास आपला पंच आपणच व्हावे लागते. ती सवय मैदानावर लागावी, आणि ती लागत असताना आपण तिच्या आड येऊ नये, इतकीच विनंती.