मुंबई हायच्या चुनखडीची पन्नास वर्षे

जिंतूरच्या शिवारात विहीर खणणाऱ्याला पहिली काळजी असते ती कातळ कसा लागतो याची. लाव्ह्यातल्या बुडबुड्यांच्या पोकळ्या पुढे पांढऱ्या खनिजांनी बुजल्या असतील, तर पाण्याला जागाच उरत नाही. हाच लाव्ह्याचा कातळ, डेक्कन ट्रॅप, अरबी समुद्रातल्या मुंबई हाय या तेलक्षेत्राच्या बुडाशीही सापडतो. तिथे त्याच्या कितीतरी वर चुनखडी आहे आणि प्रश्न पुन्हा पोकळ्यांचाच आहे.

मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर, फेब्रुवारी १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ या खोदकाम करणाऱ्या रिगने तिथे तेल गाठलं. मे १९७६ मध्ये उत्पादन सुरू झालं, १९८५ च्या सुमारास ते रोज चार लाख पिंपांच्या पुढे गेलं. त्या वैभवाचं श्रेय अभियंत्यांना मिळालं, ते योग्यच होतं. पण खरी तयारी दोनेक कोटी वर्षांपूर्वीच्या उथळ समुद्रात झाली होती.

एल-थ्री हा तिथला मुख्य तेलसाठा. शांत खाजणात बारीक चुन्याचा गाळ बसला, तर लाटांनी चाळलेल्या जागी शिंपल्यांचे आणि सूक्ष्म जीवांच्या कवचांचे कण साचले. चाळलेल्या कणांत मोकळी जागा राहिली, गाळात ती जेमतेम. मग समुद्र मागे हटला की ताजा चुना उघडा पडे आणि त्यावर पाऊस कोसळे. अ‍ॅरागोनाइटची कवचं कॅल्साइटच्या मानाने लवकर विरघळतात. त्यांच्या जागी कवचाच्याच आकाराची पोकळी राहते. विरघळलेला चुना मात्र नाहीसा होत नाही. तो जवळच कॅल्साइट होऊन बसतो आणि दुसरी पोकळी बुजवतो. समुद्र परत आला की नवा थर. मधूनमधून शेल या चिकणमातीच्या खडकाचे पातळ पडदे. असं पुन्हा पुन्हा घडलं.

या असमान थरांचा हिशोब १९८० च्या दशकात, दाब टिकवायला साठ्यात पाणी सोडल्यावर द्यावा लागला. पाणी मोकळ्या थरांतून धावलं, घट्ट थरांतलं तेल मागे राहिलं. २००० नंतरच्या पुनर्विकासात आडव्या विहिरी खोदल्या, त्या याच कारणाने. जानेवारी २०२५ मध्ये ओएनजीसीने तांत्रिक मदतीसाठी बीपी या ब्रिटिश तेल कंपनीची निवड केली. माझ्या मते या कामाची सुरुवात जुन्या विहिरींतले दगडी गाभे पुन्हा भिंगाखाली घेऊन व्हावी: कोणत्या थरात कवचाची जागा अजून मोकळी आहे आणि कोणत्यात ती बुजली आहे.