मानेवरचा काळेपणा मळ नव्हे



पुसद, उमरखेड, महागावकडच्या आपल्या पुष्कळ सभासदांच्या मानेमागे, काखेत, जांघेत कातडी काळी, जाड आणि मखमलीसारखी झालेली दिसते. घरचे म्हणतात, “मळ हाय जी, घासा.” मग दगड होतो, काथ्या होतो, लिंबू होते. कातडी सोलते, काळेपणा जात नाही. तो मळ नसतोच.

रक्तातली साखर पेशींत पोचवण्याचे काम इन्सुलिन करते. पोटावर चरबी साठली की शरीर इन्सुलिनला जुमानेनासे होते, आणि स्वादुपिंड ते अधिकच सोडू लागते. हे जादा इन्सुलिन कातडीच्या पेशींना वाढायला लावते. मधुमेह होण्याआधी कित्येक वर्षे कातडी अशी नोटीस देत असते. मानेवर लोंबणारे बारीक मसही पुष्कळदा त्याच घरचे.

“आम्ही तर किडकिडीत, आम्हांला कुठली शुगर?” असे कोणी म्हणेल. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये आपला व लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी छापला. उंचीच्या मानाने वजन दोघांचे सारखे. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिक यांची २१.२ टक्के!

गजकर्णाचे प्रकरण याहून बिकट. साखर वाढली की अंगाची प्रतिकारशक्ती घटते, त्यात उसाला पाणी देताना कपडे तासन्‌तास ओले. बुरशीला आणखी काय हवे? दुकानातून मागून आणलेल्या ट्यूबने दोन दिवसांत खाज थांबते, कारण तीत स्टेरॉइड असते. बुरशी मात्र पसरतच राहते, कातडी पातळ होऊन चिरते. २०१८ साली केंद्र सरकारने अशी अनेक मलमे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असे ठरवले, तरी ती गल्लोगल्ली मिळतात.

लाजेचा विषय आहे, पण लिहितोच. लघवीच्या जागी वारंवार खाज सुटणे, पुरुषांत तिथली कातडी चिरणे, ही मधुमेहाची पहिली खूण असू शकते. पायाची जखम भरत नसेल तर तीही. आयुर्वेदाने मधुमेहातल्या गळवांना ‘प्रमेहपिडका’ असे नावच देऊन ठेवले आहे.

तेव्हा आधी साखर तपासा. तिशीपुढच्यांची तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. उपाशीपोटी १२६ किंवा जास्त आली तर पुन्हा तपासून मधुमेह ठरवतात. १०० ते १२५ म्हणजे उंबरठा. इथे वजन उतरवले, चालणे ठेवले, तर काळेपणा हळूहळू फिका पडतो. साखर कारखान्याच्या पत्रिकेत हे छापतो आहोत खरे, पण चहातली साखर कमी करा, आणि “गूळ चालतो” ही समजूतही सोडा. गूळ रक्तात जाऊन साखरच होतो.

गजकर्णाच्या गोळ्या डाग गेले तरी डॉक्टर सांगतील तितके आठवडे घ्याव्या लागतात. घरात आणखी कोणाला असेल तर उपचार एकदमच हवा, टॉवेल वेगळे, कपडे गरम पाण्यात धुऊन उन्हात. जुना आजार असेल तर यवतमाळच्या श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील त्वचारोग विभागात दाखवा. जाताना आजवर चोपडलेल्या सगळ्या ट्यूबा पिशवीत घालून न्या. नाव आठवत नसले तरी डॉक्टरांना त्यावरून कळते.