कानटोपीवरचे चार टाके

मार्गशीर्ष उजाडला की कपाटाच्या वरच्या कप्प्यातल्या कानटोप्या खाली उतरतात. निफाडचा पारा घसरल्याची बातमी येते, सकाळच्या फेऱ्या उशिरा सुरू होतात आणि घरोघरच्या ज्येष्ठांच्या डोक्यावर तपकिरी किंवा राखाडी लोकरीची टोपी चढते. बाजारातून आणलेली ही टोपी ऊब देते. पण तिच्यात आपले असे काहीच नसते. याच टोपीवर आपण भरतकामाचा पहिला धडा गिरवावा, असे सुचवावेसे वाटते. त्यासाठी नवे कापड नको, रिंग नको. काम मांडीवर मावते आणि तीन-चार बैठकांत पुरे होते. ज्यांनी आजवर सुई केवळ बटण लावण्यापुरती धरली, त्यांनाही ते साधते.

आजोबांनी येथे पान उलटू नये. सुई-दोरा हे बायकांचे काम, असे म्हणणाऱ्यांनी संत नामदेव शिंप्याच्या घरचे होते हे आठवावे. पहिल्या महायुद्धात जायबंदी झालेल्या सैनिकांना इंग्लंडमध्ये उपचाराचा भाग म्हणून भरतकाम शिकवले गेले. लंडनच्या सेंट पॉल कॅथेड्रलमधील वेदीसाठी भरलेले वस्त्र शंभराहून अधिक जखमी सैनिकांच्या हातचे आहे. व्यवसायोपचारात हस्तकलेला आजही स्थान आहे. तथापि भरतकामाने विस्मरणाचा आजार टळतो किंवा संधिवात बरा होतो, असा दावा येथे करावयाचा नाही. बोटांना, डोळ्यांना आणि मनाला एकाच वेळी गुंतवणारे काम दुपारच्या लांब वेळेला आकार देते. एवढेही पुष्कळ आहे.

टोपी निवडताना विणीकडे पाहावे. बाहेरून सुलट विण असलेली, गुळगुळीत टोपी सर्वांत सोयीची. तिच्यावर इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारख्या टाक्यांच्या उभ्या ओळी स्पष्ट दिसतात व त्याच आपला आलेख होतात. केसाळ लोकरीवर टाका बुडून जातो. रंगाचा विचार डोळ्यांच्या बाजूने करावा. वयाबरोबर नेत्रभिंग पिवळसर होत जाते, त्यामुळे गडद निळा आणि काळा यांतला फरक कळेनासा होतो. म्हणून काळ्या टोपीवर निळा दोरा नको. राखाडीवर पांढरा, तपकिरीवर पिवळा असा ठळक फरक असावा. बसण्याची जागा खिडकीपाशी असावी. उजव्या हाताने शिवणाऱ्याने प्रकाश डावीकडून घ्यावा, म्हणजे हाताची सावली कामावर पडत नाही.

सुई मोठ्या नेढ्याची व बोथट टोकाची घ्यावी. टोकदार सुई लोकरीचा पदर चिरते, आणि बोटही. मधुमेहामुळे ज्यांच्या बोटांची जाणीव कमी झाली आहे किंवा जे रक्त पातळ ठेवणारी औषधे घेतात, त्यांनी टोकदार सुई वापरूच नये. दोरा टोपीच्या लोकरीइतकाच जाड असावा. लोकर ओवताना टोक नेढ्यात ढकलत बसू नये. लोकर सुईवर दुमडून चिमटीत घट्ट धरावी, सुई काढून घ्यावी आणि ती चपटी घडी नेढ्यातून सारावी.

विणलेले कापड ताणले जाते, भरलेला दोरा तितका ताणला जात नाही. या कामातली खरी अडचण हीच. सपाट ठेवून भरलेली टोपी सुंदर दिसते, पण डोक्यात घालताना अडते आणि कपाळावर वळ उठवते. म्हणून टोपी पालथ्या वाडग्यावर किंवा सोललेल्या नारळावर चढवून, डोक्यावर बसते तेवढीच ताणलेली ठेवावी आणि टाका सैल घालावा. ज्यांचा एक हात पक्षाघाताने अशक्त झाला आहे, त्यांनाही वाडग्याचा आधार होतो. खाली ओले फडके घातले की तो सरकत नाही. सुई आतपर्यंत न खुपसता विणीतून आडवी सारून लगेच वर काढावी. काम झाल्यावर कपाळापाशी दोन बोटे सहज आत जातात का, ते पाहावे.

पहिला टाका म्हणून विणीवरूनच विण चढवावी. ‘व्ही’च्या खालच्या टोकातून सुई वर काढा, वरच्या टाक्याच्या दोन्ही पायांमागून आडवी न्या आणि पुन्हा त्याच खालच्या टोकात उतरवा. मूळ टाका नव्या रंगाने झाकला जातो. असे टाके मोजून नावाचे आद्याक्षर किंवा स्वस्तिक सहज उठते. हात बसला की साखळी टाका घ्यावा. तो विणीबरोबर थोडा ताणतो, म्हणून वेलीला उत्तम. सुट्या साखळीच्या पाच पाकळ्या आणि मध्ये गाठीचा टाका, एवढ्यात फूल होते. लांब, भरीव टाके मात्र टाळावेत. अंगठी किंवा चष्म्याची काडी त्यांत अडकते.

आरंभी गाठ मारू नये. वीतभर दोरा आत सोडून शेवटी तो विणीत फिरवून घ्यावा. उतारवयाची त्वचा पातळ असते, आतली गाठ तिला खुपते. केमोथेरपीने केस गेलेल्या माणसासाठी टोपी करत असाल, तर टोपी मऊ सुती असावी आणि भरतकाम दुमडलेल्या काठावरच घ्यावे. तेथे टाक्यांची मागची बाजू घडीत राहते. दुमडीवर जी बाजू दिसणार ती टोपीची आतली बाजू असते, हे विसरले की सारे फूल आत जाते!

बैठक वीस मिनिटांची पुरे. बारीक कामात पापण्या कमी लवतात आणि डोळे कोरडे पडतात, तेव्हा मधूनमधून दूर पाहावे. सकाळी सांधे आखडत असतील तर काम अंघोळीनंतर घ्यावे. बोट सुजलेले, गरम असेल त्या दिवशी सुई बाजूला ठेवावी. सुई ओढताना चिमूट निसटत असेल तर फुटक्या फुग्याचा तुकडा बोटांत धरावा, पकड येते.

आता दोन शब्द काळजी घेणाऱ्यांशी. सकाळी पाच-सहा सुया ओवून उशीत खोचून ठेवा. दर वेळी मदत मागावी लागली की माणूस काम सोडतो. उठताना सुया मोजा. विस्मरण असलेल्या व्यक्तीला सुईसह एकटे सोडू नका. आणि टाका वाकडा गेला, पाकळी सहावी आली, तरी रात्री गुपचूप उसवून नीट करू नका. सकाळी ते त्यांना कळते. आपल्या हाताचे काम कोणीतरी पुसले, हे दुःख वाकड्या पाकळीपेक्षा फार मोठे असते. त्या वाकड्या पाकळीसह टोपी घालून त्यांना फिरायला जाऊ द्या.

पुष्कळ आज्यांचा हात वळतो तो नातवंडाच्या टोपड्याकडे. तेथे मणी, बटणे, सुटे गोंडे नकोत. बाळ ते ओढून तोंडात घालते. घरात झोपलेल्या बाळाच्या डोक्यावर टोपी ठेवू नये, कारण ती घसरून नाकातोंडावर येऊ शकते व बाळाचे अंगही तापते. नवजात किंवा कमी दिवसांच्या बाळाबाबत मात्र डॉक्टर सांगतील तसे करावे.

लाल दोरा भरण्यापूर्वी त्याचा तुकडा ओल्या पांढऱ्या फडक्यात दाबून रंग जातो का पाहा. तयार टोपी गार पाण्यात धुवावी, पिळू नये. टॉवेलात गुंडाळून पाणी टिपावे आणि सावलीत आडवी पसरून वाळवावी. दोरीवर लटकवली तर ती लांबते, आणि आद्याक्षरही तिच्याबरोबर लांबते.