सोयाबीनच तर होय ते!

माझी भाची हिंगणघाटला शिक्षिका आहे. वय ४९. गेली आठ वर्षे ती थायरॉईडची गोळी घेते. मागच्या पावसाळ्यात तिचा रिपोर्ट बिघडला. थकवा, अंगावर सूज, आणि वर्गात शिकवता शिकवता एकदम अंगातून वाफा निघाल्यासारखे होई. मी सोबत दवाखान्यात गेलो होतो. डॉक्टरीणबाईंनी विचारले, "दुसरं काही औषध सुरू आहे का?" भाची ठामपणे म्हणाली, "नाही."

बाहेर आल्यावर मी म्हटले, "अगं, तुझ्या टेबलावर तो डबा आणि कॅप्सूलची बाटली आहे ना?"

"मामा, ते काय औषध आहे का? सोयाबीनच तर होय ते!"

आम्ही परत आत गेलो. थायरॉईडची गोळी आणि सोयाबीनच्या पावडरीचे दूध ती रोज सकाळी एकदमच घेत होती, हे तेव्हा कळले. सोयाबीनमुळे ती गोळी आतड्यातून नीट शोषली जात नाही. गोळी रोज पोटात जात होती, पण अंगी लागत नव्हती.

सोयाबीन आपल्याला परके वाटत नाही, हीच यातली मेख आहे. बँकेत असताना, नव्वदच्या दशकात, पीककर्जाच्या अर्जांत ज्वारीची जागा सोयाबीन घेताना मी पाहिले. त्याच्या कितीतरी आधी, १९३५ साली, गांधीजी वर्ध्याच्या मगनवाडीत राहत असताना तिथल्या स्वयंपाकघरात सोयाबीनचा प्रयोग झाला आणि गांधीजींनी 'हरिजन'मध्ये त्यावर लिहिले. गरिबाला स्वस्तात प्रथिने मिळावीत, एवढाच तो विचार होता. मगनवाडीतले सोयाबीन ताटात होते. आज ते बाटलीत आले आहे, आणि ताटातून बाटलीत जाताना त्याचे काम बदलले आहे.

सोयाबीनमध्ये आयसोफ्लेवोन नावाची द्रव्ये असतात. जेनिस्टीन आणि डेडझीन ही त्यांतली मुख्य. त्यांची घडण आपल्या शरीरातल्या इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनशी थोडी जुळते. कुलूप इस्ट्रोजेनचे, ही किल्ली त्यात जाते, पण पुरती फिरत नाही. कधी ती थोडे काम करते, कधी नुसती जागा अडवून बसते. शंभर ग्रॅम कोरड्या दाण्यांत ही द्रव्ये साधारण शंभर ते दोनशे मिलिग्रॅम असतात. तेलात मात्र ती जवळजवळ नसतात, त्यामुळे घरात सोयाबीनचे तेल आहे म्हणून कुणी घाबरू नये.

वनस्पतीतली अशी द्रव्ये खरोखर काही करतात का? ऑस्ट्रेलियातल्या मेंढपाळांना विचारा. पश्चिम ऑस्ट्रेलियात १९४० च्या दशकात एका जातीच्या क्लोव्हर गवतावर चरणाऱ्या मेंढ्या गाभण राहीनाशा झाल्या. त्या गवतात याच कुळातली द्रव्ये भरपूर होती. पण मेंढी दिवसभर तेच खाते. वाटीभर उसळ खाणाऱ्या माणसाला ते माप लावता येत नाही. पुरुषांनी सोयाबीन खाल्ले की पुरुषत्व कमी होते, असे चावडीवर बोलले जाते. नेहमीच्या आहारातल्या सोयाबीनने टेस्टोस्टेरॉन घटत नाही, असेच अनेक चाचण्यांतून दिसले आहे.

मग या कॅप्सूल एवढ्या का वाढल्या? आपल्याकडे पाळी साधारण ४६-४७ च्या सुमारास थांबते. वाफा, घाम, झोपमोड, चिडचिड. आणि घरात कुणाशी बोलायची सोय नाही. अमेरिकेत २००२ साली एका मोठ्या अभ्यासातला हार्मोनच्या गोळ्यांचा एक भाग थांबवावा लागला, कारण स्तनाचा कर्करोग आणि पक्षाघात यांचे प्रमाण वाढलेले दिसले. बायका घाबरल्या आणि 'नैसर्गिक' शब्दाला भाव आला. पुढे हेही स्पष्ट झाले, की साठीच्या आतल्या, इतर धोके नसलेल्या स्त्रीला योग्य देखरेखीखाली ते उपचार फायद्याचे ठरू शकतात. पण भीती बातमीइतक्या लवकर जुनी होत नाही.

सोयाबीनच्या कॅप्सूलने वाफा थांबतात का? कॉक्रेन या संस्थेने २०१३ साली ४३ चाचण्या तपासल्या. ठाम पुरावा मिळाला नाही. जेनिस्टीनच्या जास्त मात्रेने थोडा आराम पडत असावा, एवढेच. अमेरिकेतल्या रजोनिवृत्ती-तज्ज्ञांच्या संस्थेने २०२३ साली यासाठी सोयाबीनची शिफारस केली नाही. एक कारण गमतीचे आहे. डेडझीनचे इक्वॉल नावाचे प्रभावी द्रव्य आतड्यातले काही जंतू करतात, आणि ते जंतू सगळ्यांच्या पोटात नसतात. शेजारणीला गुण आला म्हणून आपल्याला येईलच असे नाही, ते यामुळेही.

धोका किती? इटलीतल्या एका चाचणीत रोज १५० मिलिग्रॅम पाच वर्षे घेतलेल्या काही स्त्रियांत गर्भाशयाच्या अस्तराची वाढ दिसली. ते २००४ साली प्रसिद्ध झाले. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेला २०१५ च्या तपासणीत मात्र असे नुकसान आढळले नाही. म्हणजे घबराट नको, पण वर्षानुवर्षे मनानेच घेणेही नको. स्तनाच्या कर्करोगाचे उपचार चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय कॅप्सूलला हात लावू नये. आणि पाळी बंद होऊन वर्ष उलटल्यावर थेंबभर जरी रक्त दिसले, तरी 'गोळीची उष्णता' म्हणून गप्प न बसता तपासून घ्यावे. यात हयगय नको.

हीच गोष्ट अश्वगंधेची. तिच्याने थायरॉईडचे हार्मोन वाढल्याच्या नोंदी आहेत. आधीच गोळी घेणाऱ्याने हे लक्षात ठेवावे. डेन्मार्कने २०२३ साली तिच्यावर बंदी घातली. आपल्याकडे वैद्य ती देतात, पण नाडी पाहून, प्रकृती विचारून, ठरावीक दिवसांसाठी. दुकानदार नाडी पाहत नाही. आणि अशा पूरक गोळ्यांच्या डब्यावर 'औषधी उपयोगासाठी नाही' असे छापणे आपल्या अन्नसुरक्षा नियमांनीच बंधनकारक केले आहे. बँकेत कर्जदार बारीक अक्षरे न वाचता सही करतात म्हणून मी चिडत असे. डब्यावरची बारीक अक्षरे मीही कुठे वाचली होती?

भाचीने कॅप्सूल सोडल्या. सकाळची गोळी आता ती पाण्याबरोबर, उपाशीपोटी घेते. सोयाबीनच्या वड्यांची भाजी रात्री होते, आणि आवडीने होते. दोन महिन्यांनी रिपोर्ट जागेवर आला. वाफा अजून येतात, पण त्यांच्यावरचा उपाय आता ती डॉक्टरीणबाईंना विचारून करते.

घरातल्या बाईला एकदा सहज विचारा, "तू काय काय घेतेस?" औषध म्हणू नका, कारण 'औषध' म्हटले की तिचे उत्तर 'काही नाही' असेच येईल. डबा, बाटली, पुडी, काढा, सगळे टेबलावर मांडायला सांगा, कागदावर लिहून काढा आणि तो कागद दवाखान्यात न्या.