कासव तळ्यात सोडू नका

कासव म्हटलं की आपल्याकडे वेळासचा किनारा आणि ऑलिव्ह रिडलेची पिल्लं आठवतात. त्या कौतुकात गोड्या पाण्यातली कासवं मात्र मागेच राहिली. महाराष्ट्रातल्या तळ्यांत आणि ओढ्यांत राहणारं एक कासव मऊ पाठीचं असतं. ते मागचे पाय आत ओढतं आणि त्यांवर चामड्याच्या झडपा लावून घेतं. गोगलगाय, बेडूक, पाणवनस्पती, मेलेलं जनावर, त्याला काहीही चालतं. तळं आटलं की ते चिखलात स्वतःला गाडून पावसाची वाट पाहतं. दुसरं काळपट, कठीण पाठीवर तीन कंगोरे असलेलं. तिसरं मोठ्या नद्यांच्या डोहातलं, लीथचं कासव. जॉन एडवर्ड ग्रे यांनी १८७२ साली त्याचं शास्त्रीय वर्णन केलं, तेही पुण्याच्या नमुन्यावरून. आज ते नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर असलेल्या प्राण्यांच्या यादीत आहे. पुणेकरांपैकी किती जणांना हे ठाऊक असेल?

त्यापेक्षा त्यांना डोळ्यामागे लाल पट्टा असलेलं हिरवं कासव नक्की ओळखीचं असेल. रेड इअर्ड स्लायडर. माशांच्या दुकानात ते रुपयाच्या नाण्याएवढं असतं आणि ‘एवढंच राहतं’ असं विकणारा सांगतो. राहत नाही. ते पंचवीस-तीस सेंटिमीटरपर्यंत वाढतं आणि वीस-तीस वर्षं जगतं.

त्याचं मूळ घर अमेरिकेतलं मिसिसिपीचं खोरं. तिथल्या शेततळ्यांवर त्याची पैदास होते. पिल्लांमुळे लहान मुलांना साल्मोनेला जिवाणूची लागण होऊ लागली, तेव्हा १९७५ साली अमेरिकेनं चार इंचांपेक्षा लहान कासवांच्या विक्रीवर बंदी घातली. निर्यात मात्र चालूच राहिली. जे आपल्या पोरांना नको, ते जगभरच्या पोरांना विकलं गेलं. युरोपीय संघानं १९९७ साली त्याची आयात थांबवली.

आपल्याकडे गंमत वेगळीच आहे. देशी कासव घरात ठेवणं वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे, आणि तो असायलाच हवा. पण त्यामुळे बाजारात झालेली पोकळी या परदेशी कासवानं भरून काढली. मग काचेची पेटी अपुरी पडते, पाण्याला वास येतो, मुलांचा उत्साह संपतो. घरात कुणीतरी म्हणतं, ‘बिचाऱ्याला तळ्यात सोडून देऊ, पुण्य लागेल.’ महादेवाच्या देवळात गाभाऱ्याआधी कासवाला हात लावून जाणारी आपण माणसं, त्यामुळे हा विचार पटकन पटतो. गुवाहाटीच्या उग्रतारा मंदिराच्या तळ्यात हे कासव २०१८ साली सापडलं, केरळात त्रिशूरमध्येही. केरळच्या वन संशोधन संस्थेनं तर लोकांना आवाहन करून ही कासवं गोळा करायला घेतली.

तळ्यात पडलेलं हे कासव काय करतं? ऊन खाण्याच्या जागा बळकावतं. फ्रान्समधल्या प्रयोगांत तिथल्या देशी कासवांनी या पाहुण्यांपुढे चांगल्या जागा सोडल्या, त्यांचं वजन घटलं आणि काही दगावलीही. स्लायडर घाण पाण्यात तगून राहतं, मिळेल ते खातं, आपले परजीवी सोबत आणतं. शिवाय अंडी कोणत्या तापमानात उबतात यावर पिल्लांचं लिंग ठरतं. साधारण २६ अंशांवर नर, ३१ अंशांवर माद्या. आपल्या उन्हाळ्यात कुठल्या बाजूला झुकतं माप पडेल ते सांगायला नको.

कासव भलत्या जागी सोडू नये, हा नियम देशी कासवांनाही लागू आहे. चांदण्यांच्या नक्षीचं स्टार कासव भारतीयच, पण त्याचं घर वायव्येचा आणि दक्षिणेचा कोरडा झाडोरा. तस्करीतून सुटलेलं असं कासव कोकणातल्या जंगलात सोडणं ही भूतदया नव्हे. तिथला धो-धो पाऊस त्याला सोसत नाही. २०१९ साली त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर सर्वात कडक बंदी आली. तरी ते घरात भरभराट आणतं या समजुतीनं ते विकणारे आणि घेणारे आहेतच.

तेव्हा कासव विकत घेऊ नका. स्लायडर घरात असेलच, तर मोठं टाकं करून सांभाळा, त्याला हात लावल्यावर साबणानं हात धुवा, आणि जमत नसेल तर सांभाळू शकणाऱ्याच्या किंवा बचाव केंद्राच्या हाती द्या. देशी कासव मिळालं तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.