वुजूचे पाणी आणि आपली जबाबदारी

पाणीटंचाई आली की आपण पावसासाठी दुआ करतो, नगरपालिकेला बोल लावतो. मात्र वुजूखान्यात नळ पूर्ण सोडून बसतो. प्रेषित मुहम्मद (स.) एक मुद, म्हणजे साधारण पाऊण लिटर पाण्यात वुजू करत, असे हदीसमध्ये आले आहे.

आपला हिशोब काय? नळातून मिनिटाला ६ लिटर पाणी येत असेल आणि वुजूला २ मिनिटे लागली, तर १२ लिटर गेले. २०० नमाजी असतील तर एका वक्ताला २४०० लिटर! टँकरमागे हंडे घेऊन धावतात त्या आपल्याच आया-बहिणी, शेजारच्या वस्तीतल्याही.

औरंगाबादच्या पाणचक्कीत दूरच्या डोंगरातून मातीच्या नळांनी आणलेल्या पाण्यावर जाते फिरे आणि दर्ग्यातल्या फकिरांसाठी पीठ दळले जाई. पाणी सर्वांच्या उपयोगी पडावे, ही आपली जुनी रीत.

म्हणून जमातीने ठरवावे: वुजूला लोटा किंवा बारीक धारेचा नळ. सांडपाणी गटारात न सोडता झाडांना, नाहीतर शोषखड्ड्यात. इमामसाहेबांनी जुम्याच्या बयानात हा विषय घ्यावा. इस्राफ, म्हणजे उधळपट्टी, फक्त लग्नातच होते असे नाही. ती नळावरही होते.