अजिंठ्याची शोकमग्न सुंदरी

बुलढाणा शहर अजिंठ्याच्या डोंगररांगेवर वसलेले आहे. हीच रांग पश्चिमेकडे गेली, की वाघोरा नदीच्या एका वळणावर घोड्याच्या नालेच्या आकाराचा उंच कडा दिसतो. त्या कड्यात सुमारे तीस लेणी कोरलेली आहेत. ती आज छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात मोडतात. परंतु वऱ्हाडाशी त्यांचे नाते केवळ डोंगरापुरते नाही. इसवी सनाच्या पाचव्या शतकात येथे वाकाटक राजा हरिषेण याची सत्ता होती. त्याच्या घराण्याची राजधानी वत्सगुल्म, म्हणजे आजचे वाशीम. हे गाव बुलढाणा जिल्ह्याच्या शेजारीच आहे. हरिषेणाचा प्रधान वराहदेव याने सोळाव्या क्रमांकाचे लेणे कोरवून भिक्षुसंघास अर्पण केले. त्याच लेण्याच्या डाव्या भिंतीवर एक चित्र आहे. प्रीती आणि विरह यांचे इतके हृदयस्पर्शी दर्शन फार थोड्या चित्रांत घडते.

चित्रातील प्रसंग समजण्यासाठी त्यामागील कथा ठाऊक असली पाहिजे. नंद हा गौतम बुद्धांचा सावत्र भाऊ. सुंदरी ही त्याची पत्नी. दोघांचे एकमेकांवर अपार प्रेम होते. एके दिवशी बुद्ध भिक्षेसाठी नंदाच्या दारी आले आणि रिकाम्या हाताने परतले. हे कळताच नंद त्यांची क्षमा मागण्यासाठी निघाला. गालावरची उटी वाळण्यापूर्वी परत या, असे सुंदरीने त्याला विनविले. बुद्धांनी आपले भिक्षापात्र नंदाच्या हाती दिले. थोरल्या भावाचे पात्र खाली ठेवणे नंदाला जमले नाही. तो मागोमाग विहारापर्यंत गेला आणि तेथे त्याला भिक्षूची दीक्षा मिळाली. इकडे सुंदरी वाट पाहत राहिली. अखेर नंद आला नाही. सेवकाच्या हाती त्याचा मुकुट तेवढा आला.

हाच क्षण चित्रकाराने निवडला आहे. सुंदरी मंचकावर बसली आहे. तिचा डावा हात लोडावर टेकलेला आहे. पण त्या हातात बळ उरलेले नाही. मान एका बाजूस कलली आहे, पापण्या मिटू लागल्या आहेत, बोटे सैल पडली आहेत. मागून एका दासीने तिला सावरून धरले आहे. दुसरी दासी छातीवर हात ठेवून काळजीने तिच्याकडे पाहत आहे. तिसरी पंख्याने वारा घालीत आहे. डोक्यावर पांढरी टोपी घातलेला एक वृद्ध दारातून आत डोकावत आहे.

या चित्रात आक्रोश कोठेही नाही. कोणी छाती पिटत नाही, कोणी केस तोडीत नाही. तरीही पाहणाऱ्याचे मन कालवते. याचे कारण चित्रकाराच्या रेषेत आहे. कललेली मान, उतरलेला खांदा आणि लोंबणारा हात यांच्या रेषा खालच्या दिशेने वाहतात. जणू शरीरातील प्राणच ओसरत चालला आहे. भोवतीच्या माणसांची चिंता पाहून आपले लक्षही पुनःपुन्हा सुंदरीकडे वळते. दुःख एकीचे, पण त्याचा भार सर्वांच्या चेहऱ्यांवर दिसतो.

या चित्रासाठी वापरलेली सामग्री मात्र अगदी साधी होती. खडकावर माती आणि भाताचा तूस यांचा गिलावा देत. त्यावर चुन्याचा पातळ थर चढवीत. तो वाळल्यावर गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी अशा रंगांनी चित्र रंगवीत.

1819 साली इंग्रज अधिकारी जॉन स्मिथ याच्या दृष्टीस ही लेणी पडली. पुढे आलेल्या पाश्चात्त्य रसिकांना नंदाची कथा ठाऊक नव्हती. त्यांनी कललेली मान पाहिली आणि या चित्राला ‘मरणोन्मुख राजकन्या’ असे नाव दिले. मुंबईच्या कलाशाळेतील जॉन ग्रिफिथ्स याने तर भावदर्शनात या चित्राला तोड नाही, असा अभिप्राय दिला. नंतर विद्वानांनी मुकुटाची खूण ओळखली आणि कथेशी सांगड घातली. सुंदरी मरत नाही; तिला जगायचे आहे, पण नंदावाचून. हे उमगले, की चित्र अधिकच करुण वाटू लागते.

अशा चित्रांच्या प्रतिकृती जपण्याचे प्रयत्न दोनदा आगीच्या भक्ष्यस्थानी पडले. रॉबर्ट गिलने वर्षानुवर्षे लेण्यांत राहून केलेल्या बहुतेक प्रतिकृती 1866 साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये जळाल्या. ग्रिफिथ्स आणि त्याच्या विद्यार्थ्यांनी 1872 पासून केलेल्या अनेक प्रतिकृतीही 1885 साली लंडनमध्येच भस्मसात झाल्या. मूळ चित्रेही धूर, ओल आणि माणसांचे हात यांमुळे झिजली आहेत.

म्हणून लेण्यात गेल्यावर भिंतीला हात लावू नये. मंद प्रकाशात डोळे स्थिरावू द्यावेत आणि शांतपणे पाहावे. ज्याने हे चित्र काढले, त्याचे नाव कोणालाही ठाऊक नाही. परंतु दीड हजार वर्षांपूर्वी एका परक्या दुःखाने त्याचे मन भरून आले होते, याची साक्ष ती भिंत आजही देत आहे.